पाचव्या दिवसापर्यंत तू कुठे होतास?

औषध बोगस निघालं म्हणतोस. दुकानदारानं फसवलं, पावसानं दगा दिला, मजुरांनी ऐनवेळी पाठ फिरवली. सगळ्यांचे गुन्हे सांगून झाले असतील तर एक साधा प्रश्न विचारतो. लावणी संपल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत तू कुठे होतास?

सांगू नकोस, मला ठाऊक आहे. लावणी आटोपली, पाय धुतलेस आणि गंगेत घोडं न्हालं म्हणून घरात बसलास. प्रेटिलाक्लोर या तणनाशकाची बाटली पडवीत खुंटीला पिशवीत लटकत होती. ती तू जूनमध्येच आणून ठेवली होतीस. म्हणजे काय करायचं हे तुला माहीत होतं. अडाणी माणसावर मी कधी चिडत नाही, त्याच्याजवळ बसून समजावतो. तू अडाणी नाहीस. कृषी विद्यालयात शिकलास. ‘लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत’ हे माझ्यासमोर वहीत उतरवलंस, परीक्षेत त्याच उत्तराला पूर्ण गुण घेतलेस. ते गुण कशाचे होते? कागद काळा केल्याचे?

बाराव्या दिवशी तुला जाग आली. बांधावर गेलास, चिखलातून सुयांसारखी हिरवी पाती वर आलेली दिसली आणि पंप आणायला पळालास. वरातीमागून घोडं. प्रेटिलाक्लोर काय, बुटाक्लोर काय, ही उगवलेल्या तणाची औषधं नव्हेत. ती रुजणाऱ्या बियांवर काम करतात. चिखलाच्या वरच्या पातळ थरात ती पसरून राहतात. तणाचं बी रुजतं, कोंब त्या थरातून वर यायला बघतो आणि तिथेच अडतो, कारण वाढीला लागणारी लांब साखळीची मेदाम्लं बनवणंच त्याला जमत नाही. मग भात कसं वाचतं? तुझा तरवा तीन आठवड्यांचा, तीन-चार पानांचा होता. त्याची मुळं त्या थराच्या खाली रोवलेली होती. रोप मोठं, बी कोवळं. मूळ खाली, कोंब वर. या औषधाचा निवडकपणा मुख्यतः एवढ्यावर उभा आहे. तो टिकतो पाच दिवस. बाराव्या दिवशी ते तण, म्हणजे सावा, दोन पानांचा झाला होता, त्यानं मूळ धरलं होतं. तुझ्या औषधानं त्याचं काय वाकडं होणार होतं?

आणि तू औषधाला बोगस म्हणतोस.

तुझी मूळ चूक मी सांगतो, कारण ती तू मोठ्या खुबीनं स्वतःपासून लपवली आहेस. बाटलीवर ‘निवडक तणनाशक’ लिहिलेलं असतं. ते वाचून तू ठरवलंस, निवडायचं काम आता बाटलीचं. भाताला सोड आणि तणाला धर, हे औषध आपलं आपण बघेल. ते बघत नाही. औषधाला डोळे नाहीत. कुठल्या दिवशी पडलं, किती पडलं, खाचरात पाणी किती होतं आणि समोर कुठलं तण होतं, यावर सगळं चालतं. या चारही गोष्टी तुझ्या हातात होत्या. चारही तू वाऱ्यावर सोडल्यास.

‘पाऊस उघडत नव्हता, सर.’ जुलैत कोकणात पाऊस उघडेल अशी वाट बघत होतास? तुझ्या आजोबांच्या काळात तरी उघडायचा का? बरं, पंप मारता येत नव्हता हे मान्य करू. मग कोरडी वाळू होती ना? लागणारं औषध हेक्टरी 50 किलो कोरड्या वाळूत कालवायचं, म्हणजे एकराला 20 किलो, आणि खाचरात सारखं फेकायचं. त्याला ना पंप लागतो, ना नोझल, ना कोरडं पान. त्याला फक्त माणूस घराबाहेर पडावा लागतो. हे मी वर्गात शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. तुला आठवतंय, म्हणून तर मान खाली गेली.

पाण्याचंही तसंच. प्रेटिलाक्लोर टाकताना खाचरात दोन-तीन सेंटीमीटर पाण्याचा थर लागतो आणि पुढचे काही दिवस ते पाणी जागचं हलता कामा नये. तुझ्या वरच्या खाचराची मोरी उघडी होती. बांधाला खेकड्यानं भोक पाडलेलं होतं, तेही बुजवलेलं नव्हतं. औषध एका रात्रीत खालच्या खाचरात गेलं, तिथून काकांच्या शेतात, तिथून वहाळात. पैसे तुझे, औषध वहाळाचं. प्रेटिलाक्लोर आणि बुटाक्लोर माशांना विषारी आहेत. चढणीचे मासे त्याच वहाळातून वर येतात आणि सगळी वाडी ते धरून खाते. मोरीला चार फावडी चिखल लावायला किती वेळ लागला असता?

तरी तुला दुसरी संधी होती. बिस्पायरीबॅक सोडियम. लावणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांत, तण दोन ते चार पानांवर असताना. आधी खाचरातलं पाणी काढायचं, म्हणजे तणाची पानं उघडी पडतात. मग फवारायचं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी धरून ठेवायचं. तू काय केलंस? पस्तिसाव्या दिवशी, सावा गुडघ्याला लागल्यावर, पाणी तसंच ठेवून मारलंस. मात्रा विचारली तर म्हणतोस, ‘पंपाला एक झाकण.’ कुठल्या बाटलीचं झाकण? किती मिलीचं? कधी मोजून बघितलंस?

चल, हिशेब कर. माझ्यासमोर कर. दहा टक्क्यांचं बिस्पायरीबॅक हेक्टरी 200 ते 250 मिली. एकराला 80 ते 100. एकराचे 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला दोन ते अडीच मिली. पाणी एकराला 200 लिटर धर, गुंठ्याला पाच. तुझा पंप 15 लिटरचा, म्हणजे एका पंपात तीन गुंठे व्हायला हवेत आणि त्यात सहा ते साडेसात मिली औषध जायला हवं. तुझं खालचं शेत 30 गुंठ्यांचं. पंप किती? दहा. तू किती मारलेस? चार! झाकण दहा मिलीचं धरलं तरी 40 मिली औषध गेलं. लागत होतं 60 ते 75. औषध अपुरं, पाणी निम्म्याहून कमी, तण तिप्पट मोठं. त्यातून नोझल कीटकनाशकाचं, गोल फवारा मारणारं. चपट्या फवाऱ्याचं नोझल थोडक्या पैशांत मिळतं, तेवढंही आणलं नाहीस. जिथे पाय रेंगाळले तिथे दुप्पट पडलं, जिथे घाईनं पुढे गेलास तिथे थेंब नाही. म्हणून भात पट्ट्यापट्ट्यांनी पिवळं पडलं आणि सावा पट्ट्यापट्ट्यांनी उभा राहिला. तुझं शेतच सांगतंय तू कसा चाललास. मला येऊन बघायचीही गरज नव्हती.

हा हिशेब सातवीच्या मुलाला जमतो. तुला जमला नाही असं मी म्हणणारच नाही. तू केलाच नाहीस. मोबाईलवर क्रिकेटची सरासरी दोन दशांशांपर्यंत सांगतोस, आणि घरच्या भाकरीचा हिशेब ‘अंदाजानं’?

पुढचं ऐकायला तुला आवडणार नाही, पण ऐक. बिस्पायरीबॅक मारल्यावर पाचव्या दिवशी तू बांधावर जाऊन बघितलंस, तण हिरवंच. पी हळद आणि हो गोरी, असं व्हायला हवं होतं तुला. अरे, हे औषध पान जाळत नाही. ते तणाच्या आत एका विकराला अडवतं, त्यामुळे तीन अमिनो आम्लं बनायची थांबतात. वाढ दोन दिवसांत थांबते, पण पिवळेपणा आठवड्यानं दिसतो आणि तण मरायला दोन-तीन आठवडे लागतात. भाताच्या अंगात हे औषध लवकर मोडून टाकायची ताकद आहे, म्हणून भात थोडं पिवळं पडून सावरतं. तुला हे ठाऊक असून तू दुकानात गेलास आणि 2,4-डी घेऊन आलास. का? कारण शेजारच्यानं मारलं होतं. त्याच्या शेतात माका आणि लव्हाळा होता! 2,4-डी रुंद पानाला आणि लव्हाळ्याला लागू पडतं. सावा गवत आहे, भातही गवतच. जे भाताला सोडतं ते सावाला सोडणार, यात नवल काय?

वर वारा सुटलेला. 2,4-डीचं एस्टर हवेतूनही उडून जातं. काकूंच्या मांडवावरची काकडी आणि पडवळ आठ दिवसांत मुरडली, पानं वाट्यांसारखी झाली. त्या माउलीला वाटलं, रोग पडला. तू तिला सांगितलंस का, की रोग तुझ्या पंपातून आला? नाही सांगितलंस. त्याच पंपानं पुढच्या आठवड्यात वांग्यांवर कीटकनाशक मारलंस आणि वांगीही आखडली. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा असतो, हे तुला माहीत नव्हतं असं आता पुन्हा म्हणू नकोस.

भाताला तरी 2,4-डी हवं तेव्हा चालतं का? फुटवे फुटायच्या आधी मारलं तर पानं कांद्याच्या पातीसारखी नळीदार होतात. लोंबी पोटात घडायला लागल्यावर मारलं तर दाणे वांझ राहतात. झोडणीच्या वेळी पळिंज उडाली की पुन्हा बियाण्याला शिव्या घालशील. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुला तण ओळखता येत नाही का? येतं. वाकायचा कंटाळा आहे. कोवळा सावा आणि भात उभ्यानं बघितलं तर सारखेच दिसतात. माणसं पिढ्यान्‌पिढ्या हातानं तण उपटत आली, त्यात जो सावा भातासारखा दिसला तोच वाचला, म्हणून तो आज इतका भातासारखा झालाय. पण खाली बस. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे बोटानं उलगडून बघ. भाताला तिथे पातळ पांढरी जीभ असते आणि दोन्ही बाजूंना केसाळ कान असतात. सावाला जीभही नाही, कानही नाही. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरव, तीन धारा हाताला लागतील. रुंद पानाचं तण तर आंधळ्यालाही कळेल. आधी हे बघायचं, मग दुकानात जायचं. सायहॅलोफॉप ब्युटाइल गवतावर चालतं. मेटसल्फ्युरॉन मिथाइल आणि क्लोरिम्युरॉन इथाइलचं मिश्रण रुंद पानावर आणि लव्हाळ्यावर, तेही एकराला अवघं आठ ग्रॅम, म्हणून तिथे ‘अंदाज’ तर सोडूनच दे. बिस्पायरीबॅक सावावर चांगलं, पण प्रत्येक गवतावर नाही. तू दुकानात जाऊन काय म्हणालास? ‘भातातल्या गवताचं औषध द्या.’ डॉक्टरकडे जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणशील का? दुकानदारानं त्याच्याकडे शिल्लक होतं ते दिलं. त्याचा काय दोष? पक्कं बिलही घेतलं नाहीस, त्यामुळे औषध खरंच खोटं असतं तरी तुला दाद मागता आली नसती.

आणि एकाच पंपात सगळं ओतायची ती सवय. खोडकिडीचं औषध, तणनाशक, वर युरिया. एका फेरीत तीन कामं! त्यानं काय होतं ते ऐक. अमेरिकेत 1960 च्या सुमारास प्रोपॅनिल नावाचं तणनाशक भातात आलं. भात आणि सावा, दोघांवरही ते फवारायचं. भाताच्या पानात एक विकर असतं, ते प्रोपॅनिल मोडून टाकतं. सावात ते पुरेसं नसतं, म्हणून सावा जळतो. इतकी बारीक कडी आहे ती. पुढे लक्षात आलं, की ऑर्गेनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक सोबत किंवा मागेपुढे पडलं तर ते हेच विकर बंद पाडतं आणि मग भातही जळतं. भाताचं संरक्षण असं एका विकरावर तोललेलं असतं. तू त्यात बादलीभर काहीही ओततोस आणि वर म्हणतोस, ‘काही होत नाही.’

तुझं आणखी एक लाडकं वाक्य आहे. ‘मी दरवर्षी औषध बदलतो.’ काय बदलतोस? नाव. बिस्पायरीबॅक, पेनॉक्ससुलम, पायराझोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, ही चारही एकाच विकराला अडवतात. डबा बदलला, रंग बदलला, घाव त्याच जागी. त्या घावातून जे झाड वाचतं ते आपलं बी टाकून जातं आणि पुढच्या वर्षी त्याचीच पोरं उगवतात. मात्रा कमी घातलीस तर हे काम आणखी लवकर होतं. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या गुल्ली-डंडा नावाच्या तणावर सगळे आयसोप्रोट्युरॉन मारत राहिले. वर्षानुवर्षं तेच, भात-गहू, भात-गहू. 1990 नंतरच्या दोन-चार वर्षांत ते तण त्या औषधाला जुमानेनासं झालं आणि काहींवर उभा गहू चाऱ्याला कापायची पाळी आली. अमेरिकेत आर्कान्सात 1990 च्या सुमारास सावानंच प्रोपॅनिल पचवायला घेतलं. भाताची युक्ती तण शिकलं. ती माणसं तुझ्यापेक्षा आळशी नव्हती. तुझ्यापुढे त्यांचा अनुभव आयता मांडलेला आहे, आणि तू तो वाचून विसरलास. तण बरोबर शिकतं, तू शिकत नाहीस, याचा मला राग येतो.

रानभाताबद्दल दोन-तीनच वाक्यं. ज्याला आपल्याकडे देवभात म्हणतात, तो भाताचा सख्खा भाऊ आहे आणि साध्या भातात फक्त त्याला मारणारं औषध बाजारात नाही, तेव्हा कुणी ‘सगळं तण जातं’ म्हणून बाटली पुढे केली तर दुकानातून बाहेर ये. त्याला स्वच्छ बियाणं, चिखलणीपूर्वी एकदा उगवून गाडणं आणि हातानं उपटणं हेच उपाय. छत्तीसगडात तर श्यामला ही जांभळ्या पानांची जात लावतात, म्हणजे हिरवा रानभात लांबून ओळखू येतो.

ग्लायफोसेटचंही उरकून टाकतो. ते निवडक नाही. जे हिरवं दिसेल ते मारतं. तू ते बांधावर मारलंस, वाऱ्यात, आणि बांधाकडच्या दोन ओळी वाळवल्यास. वर मला सांगतोस, नेरळचे चंद्रशेखर भडसावळे सगुणा भात तंत्रात वापरतात. ते पीक उभं राहण्याच्या आधी वापरतात. तू उभ्या भाताच्या कडेला मारलंस. आणि बांधावरचं गवत मारून काय मिळवलंस? त्या मुळांनी बांध धरून ठेवला होता. पहिल्या मोठ्या सरीत तो सुटला आणि माती खालच्या खाचरात गेली. आता पुन्हा बांध घालायला मजूर कुठून आणणार आहेस?

मजुरांवरून आता नीट बोलू, कारण तुझी सगळ्यात मोठी ढाल ती आहे. ‘बेणणीला माणसंच मिळत नाहीत.’ खरं आहे. अर्धी वाडी मुंबईला. मिळतात त्यांची मजुरी परवडत नाही. मी हे नाकारत नाही. म्हणूनच तर तणनाशक शिकवलं. मी कधीही म्हटलं नाही, की औषध नको, बायका घाला चिखलात. उलट मी म्हणत आलो, की बायकांची कंबर वाचवणारी ही गोष्ट आहे, ती नीट वापरा. लावणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस भात तणापासून सांभाळलं, की पुढे ते आपणच जमीन झाकतं. तेवढ्यासाठी एक औषध वेळेवर आणि गरज पडली तर दुसरं, एवढंच लागतं. तू खाचरासाठी तीन औषधं आणलीस, तिन्हीचे पैसे मोजलेस. आणि परवा खाचरात सावा उपटत कोण होतं? तुझी आई. गुडघे दुखतात म्हणून जिला ओटीची पायरी चढवत नाही, ती घोटाभर पाण्यात वाकून तुझ्या चार पंपांची भरपाई करत होती. मजूर मिळत नाहीत, असं तू म्हणतोस तेव्हा त्यात आई धरलेली नसते. ती फुकट असते ना?

राग आला? येऊ दे. मला तो यायलाच हवा आहे.

ओळीत लावणी केली असतीस तर तण काढायचा कोनोविडर फिरला असता. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत तुझ्या घरी पुस्तिकेत पडलेली आहे. दोरी धरून लावायचा कंटाळा केलास, म्हणून विडरही गेला आणि सगळा भार बाटलीवर आला. चिखलणी नीट झाली नाही, खाचर समपातळीत नव्हतं. उंचवट्यावर पाणी टिकलं नाही आणि तिथेच सावा दाट माजला. जाऊन बघ, जिथे पाणी उभं होतं तिथे तण कमी आहे. पाणी हे भाताचं सगळ्यात जुनं आणि स्वस्त तणनाशक. फळी फिरवायला अर्धा दिवस जास्त लागला असता.

आणि फवारताना अंगात बनियन, पायात काही नाही, हातमोजे नाहीत, नोझल अडकलं की तोंडानं फुंकर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. शेतकरीही आणि मजूरही. ती बातमी आपण एकत्र वाचली होती. कीटकनाशकापेक्षा तणनाशक सौम्य असतं, असं तुझं म्हणणं. कुठलं? बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल. तुझ्या बाटलीवर कुठला होता? बघितलास? नाही बघितलास. रिकामी बाटली कुठे आहे? धुऊन त्यात रॉकेल भरून ठेवलंस. घरात चार वर्षांचं पोर आहे, त्याला बाटलीत काय आहे हे कळतं का? ती आजच्या आज फोडून पुरायची, पाण्यापासून लांब. यात सबब चालणार नाही.

आता या हंगामाचं बोलतो, नीट ऐक. पंपाला हात लावायचा नाही. सावा लोंबीवर आलाय, आता तो कुठल्याही औषधाला बधणार नाही. उलट भात पोटरीत आहे, त्यालाच इजा होईल. विळा घ्यायचा आणि सावाच्या लोंब्या दाणा झडायच्या आत कापायच्या. एका रोपाचं बी हजारांत असतं. आज ते खाचरात पडलं, तर पुढची कित्येक वर्षं तू तेच कापत बसशील. कापलेलं बांधावर टाकायचं नाही, गोणीत भरून बाहेर काढायचं. दाणा धरलेला सावा गुरांना घालायचा नाही, शेणातून बी परत शेतात येतं. या शेतातलं भात बियाण्याला राखायचं नाही. काकूंकडे जाऊन काकडी-पडवळाचं खरं काय ते सांगायचं आणि नुकसान भरून द्यायचं. आईला घरी बसवायचं, वाकायचं तू.

आणि एक वही घाल. कुठल्या खाचरात कुठलं तण, लावणी कधी, औषध कुठलं आणि त्याचा गट कुठला, मात्रा किती, पंप किती, त्या दिवशी पाणी किती होतं. साध्या पाण्यानं भरलेला पंप घेऊन आधी चालून बघायचं, एका पंपात किती गुंठे होतात ते मोजायचं आणि तेही लिहायचं. दुकानदाराला विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, दापोलीला विद्यापीठ आहे, कृषी सहायक आहे. तिघांचेही फोन लागतात.

रविवारी सकाळी मी येतोय. वही आणि मिलीच्या खुणांचं मोजपात्र ओटीवर काढून ठेव, आणि ते झाकण फेकून दे.